मोरपंखी सोफा आमचा नसल्याबाबत

प्रति,
मा. शिष्यवृत्ती अधिकारी,
उच्च शिक्षण साहाय्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोर.

अर्जदार : सोफे, खुर्च्या व गाद्यांचा कारागीर (दुकान व राहते घर एकच)

विषय : मुलीच्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज "कुटुंब सधन" म्हणून नामंजूर झाल्याबाबत, सदर सधनता गिऱ्हाइकाची असल्याबाबत, व आणखी एका नाजूक बाबीबाबत.

संदर्भ : १) आमचा मूळ अर्ज, आवक क्र. ११८७, दि. ४ मे.
२) आपले नामंजुरीचे पत्र, दि. २८ जून.
३) आपले नामंजुरीचे दुसरे पत्र, दि. ६ ऑगस्ट.
४) टेबल क्रमांक चारच्या बाईंनी तोंडी दिलेली उत्तरे, तारखा अनेक.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय लिहितो की, हा माझा आपल्या कार्यालयाकडे आलेला पाचवा कागद आहे. पहिले चार माझ्या मुलीने लिहिले होते, त्यामुळे ते नेमके आणि आटोपशीर होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही. हा मी स्वतः लिहीत आहे. मुलीने तो वाचून काही वाक्ये खोडली. त्यांतली जी खोडलेली मला पटली नाहीत ती मी पुन्हा लिहिली आहेत. तरी कुठे शिवण उसवलेली दिसल्यास तो दोष माझा समजावा.

१. मी गेली सव्वीस वर्षे सोफ्यांचे काम करतो. बैठक खचलेले, पाठ सुटलेले, मांजराने ओरबाडलेले सोफे माझ्याकडे येतात व धडधाकट होऊन जातात. कव्हरांची शिवण माझी पत्नी करते. घरात आम्ही दोघे, माझे वडील व एकुलती एक मुलगी. मुलीला सगळे टाचणी म्हणतात, कारण ती बारीक आहे आणि टोचते. तिला फिजिओथेरपीचे कॉलेज करायचे आहे, म्हणजे आखडलेल्या पाठी आणि गुडघे व्यायामाने मोकळे करण्याचे शिक्षण. लहानपणापासून तिने घरात माणसे बसताना आणि कण्हत उठताना पाहिली, त्यातून तिला हे सुचले. मी लोकांना बसवायचे आणि तिने उठवायचे, असे आमचे घरगुती वाटप ठरलेले आहे.

२. "आधी ठरवायला हवे होते" असे टेबल क्रमांक चारच्या बाई मला दोनदा म्हणाल्या, म्हणून नमूद करतो की आम्ही नववीपासून ठरवत आहोत. शाळेतल्या सल्लागार बाईंनी पालकांना तीन पानांची यादी दिली होती : कॉलेजे पाहून या, प्रश्न विचारा, खर्च मांडा, अर्जांच्या तारखा लिहून ठेवा. बाकीच्या पालकांनी ती घडी घालून खिशात टाकली. आम्ही ती भिंतीवर खिळ्यांनी ठोकली. तीन कॉलेजे पाहिली. तिथे टाचणीने अभ्यासक्रमाबद्दल प्रश्न विचारले, पत्नीने वसतिगृहाच्या कड्या-कुलपांबद्दल विचारले, आणि मी सभागृहातल्या खुर्च्या तपासल्या. पहिल्या कॉलेजच्या खुर्च्यांत फोमच नव्हता. जे फी घेऊन फोम घालत नाहीत ते शिकवणार काय, असे माझे मत पडले व ते कॉलेज बाद झाले. टाचणीच्या मते ते इतर कारणांनी बाद झाले.

मग आम्ही कापडाचे माप काढायच्या खाकी कागदावर चार वर्षांचा खर्च मांडला. सोफ्याचे कापड मांडतात तसाच. पाठ कुठून निघेल, बैठक कुठून, हात कुठून. एक तुकडा माझ्या कामातून, एक पत्नीच्या उशांच्या अभ्र्यांतून, वडिलांनी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले त्यांनी न विचारता पुढे केले, तो एक. टाचणी स्वतः दोन लहान मुलांची शिकवणी घेते, ती झालर. सगळे करून एक तुकडा कमी पडतो, आणि तो नेमका बैठकीचा आहे. त्या जागी टाचणीने पेन्सिलीने "शिष्यवृत्ती" असे लिहिले. तिला बारावीला जे गुण मिळाले त्यांवर ती नियमाने मिळायला हवी. कॉलेजने जागा दिली आहे, ती ३१ ऑगस्टपर्यंत राखून ठेवली आहे. आज २९ आहे.

३. आता सोफ्याकडे येतो. दि. २६ मे रोजी एका बंगल्यातल्या बाईंनी ड्रायव्हरबरोबर एक मोरपंखी मखमलीचा, कोरीव हातांचा, चार जणांचा सोफा माझ्याकडे पाठवला. बंगला कोणाचा हे मी विचारले नाही. ड्रायव्हरने निरोप दिला की घराला रंग चालू आहे, घाई नाही, सांगू तेव्हा पोचवा.

इथे आमच्या धंद्यातल्या दोन रिती सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळे झाले.

पहिली रीत अशी की, सोफ्यातून निघालेली वस्तू गिऱ्हाइकाची. नाणे असो, कंगवा असो, कागद असो. कागद निघाला तर तो पालथा धरून काढायचा, वाचायचा नाही, कापडी पिशवीत घालून पिशवीचे तोंड शिवायचे, आणि सोफ्याबरोबर परत करायचे. माझ्या उस्तादांनी तरुणपणी एका सोफ्यातले पत्र वाचले होते. त्यानंतर त्या घरातली लग्न ठरलेली मुलगी, तिचा होणारा नवरा आणि आमचे उस्ताद असे तिघेही वर्षभर रडत होते. तेव्हापासून ही शिस्त आहे. या मोरपंखी सोफ्याची पाठ उघडल्यावर पत्नीच्या हाताला बरेच कागद लागले. तिने ते पालथे काढले, पिशवी शिवली, आणि पिशवी खिळ्याला टांगली. तो खिळा टाचणीच्या अभ्यासाच्या जागेवर आहे. ती त्याच खिळ्याला आपली छत्री अडकवते.

दुसरी रीत अशी की, नव्या स्प्रिंगा घातल्यावर सोफा लगेच पाठवायचा नाही. तीन दिवस रोज दुपारी दोन तास त्यावर घरातल्या सगळ्यांनी बसायचे, दर पाव तासाने जागा बदलायच्या, म्हणजे बैठक सगळीकडे सारखी दबते. जो कोणी घरात येईल त्यालाही बसवायचे. या कामात माझे वडील मुख्य आहेत. त्यांचे वजन पंच्याण्णव किलो असून ते जिथे बसतात तिथे पुन्हा दुरुस्ती लागत नाही.

४. दि. १० जून रोजी दुपारी तीन वाजता आम्ही चौघे वरीलप्रमाणे कामावर असताना एक गृहस्थ दारात आले. त्यांनी आपण कोण ते सांगितले नाही. पडताळणी अचानक करायची असते हे मला मागाहून कळले. मी त्यांना गिऱ्हाईक समजलो. त्यांना डाव्या कोपऱ्यात बसवले, पाणी दिले. ते बैठकीवर हात फिरवत म्हणाले, "सोफा छान आहे हो." झाले, मी फुगलो. त्यांनी असा सोफा कितीला पडतो विचारले, मी सांगितले. ती रक्कम माझ्या सव्वादोन वर्षांच्या कमाईइतकी आहे, पण आकडा सांगताना माझा आवाज जराही कापला नाही. वर मी असेही म्हणालो की घरात सोफा असावा तर असाच. टाचणी मला कोपराने ढोसत होती. मला वाटले तिला जागा बदलायची आहे.

आपल्या निरीक्षकांचा अहवाल मी माहिती मागवून वाचला. त्यात लिहिले आहे : "कुटुंबातील चारही सदस्य कामाच्या वेळी उंची सोफ्यावर एका रांगेत विसावलेले आढळले. ज्येष्ठ सदस्य मधूनच उठून दुसऱ्या जागी बसत होते व समाधान व्यक्त करत होते. अर्जदारास आणखी काही काम आहे का असे विचारता, अजून दोन दिवस बसायचे आहे, असे उत्तर मिळाले." यातले अक्षर न् अक्षर खरे आहे, हीच माझी अडचण आहे. फक्त एक गोष्ट राहून गेली, की निरीक्षक स्वतः वीस मिनिटे बसले होते. डावी स्प्रिंग त्यांच्यामुळे चांगली दबली. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानतो.

५. दि. २८ जूनच्या पत्राने आम्ही सधन ठरलो. ते पत्र घेऊन मी बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलो, कारण यादीत तिसऱ्या पानावर तसे लिहिले होते : शिष्यवृत्ती न मिळाल्यास कर्ज पाहा. बँकेतल्या साहेबांनी पत्र वाचून सांगितले की सरकारी कागदावरच तुम्ही सधन दिसता, तुम्हाला कर्ज कशाला. दुसऱ्या दिवशी त्याच बँकेतून एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला की आपल्यासारख्या निवडक ग्राहकांना फर्निचर घेण्यासाठी ताबडतोब कर्ज मिळेल. मी फोन ठेवून बराच वेळ हातोडीकडे बघत बसलो.

गल्लीतही बातमी पसरली. आजवर जे शेजारी माझ्याकडून खुर्च्यांचे पाय फुकट ठोकून घेत होते, ते आता हक्काने घेऊ लागले. वडील मात्र खूश होते. पंच्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणी आपल्याला श्रीमंत म्हटले, तेही लेखी, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांना पत्राची एक प्रत हवी होती. दिली नाही.

६. यावर मी आपल्या कार्यालयात आलो. एकूण किती वेळा आलो ते लिहीत नाही. आपण कधी दौऱ्यावर होता, कधी बैठकीत, त्यामुळे भेट झाली नाही. टेबल क्रमांक चारच्या बाईंना मी म्हटले की आमचा मूळ अर्ज काढून बघा, रकाना नऊमध्ये टाचणीने स्वच्छ लिहिले आहे : "घरातील सोफे गिऱ्हाइकांचे असून दुरुस्तीस आलेले आहेत." त्या मुलीला सोफा येण्याआधीच सोफ्याची भीती होती. बाईंनी कपाट पाहिले, दुसरे कपाट पाहिले, आणि सांगितले की मूळ अर्ज कार्यालयात सापडत नाही. मी म्हटले, आमच्याकडे प्रत आहे. त्या म्हणाल्या, प्रत चालत नाही, मूळच लागतो. मी म्हटले, मूळ तर तुम्हालाच दिला. त्या म्हणाल्या, मग तो तुमच्याकडे असायला हवा होता. मी हात टेकले.

सुदैवाने पोच होती. ती घ्यायला लावली आपल्याच इमारतीत जिन्याखाली झेरॉक्सचे मशीन चालवणाऱ्या मुलीने. बावीस-तेवीस वर्षांची असेल. या कार्यालयाचे सगळे नियम तिला तोंडपाठ आहेत. कोणत्या रकान्यात काय भरायचे ते ती मान वर न करता सांगते. ४ मे रोजी अर्ज देऊन आम्ही खाली उतरलो तेव्हा तिने टाचणीला विचारले, पोच घेतलीस का? नव्हती घेतली. तिने आम्हाला उलट पावली वर पाठवले. म्हणाली, "पोच घेतल्याशिवाय हा जिना उतरायचा नाही, ताई." मला तेव्हा ती जरा आगाऊ वाटली होती.

७. पोच दाखवल्यामुळे फेरतपासणी मंजूर झाली, व या वेळी तारीख आधी कळवण्यात आली. सोफा अजून घरातच होता, कारण बंगल्याचा रंग वाळत नव्हता. टाचणीचे म्हणणे होते की जे आहे ते तसेच राहू द्या आणि खरे ते सांगा. माझे म्हणणे पडले की खरे सांगून आपण एकदा श्रीमंत झालो, आता सावध राहावे. बाकीचे काम मी शेजाऱ्यांच्या अंगणात ठेवले. मोरपंखी मखमल पावसात ठेवता येईना, म्हणून तो सोफा आतल्या खोलीत सरकवून त्यावर जुनी चादर घातली. आम्ही तिघे सतरंजीवर बसलो. वडिलांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, त्यांना आतल्या खोलीत झोपल्याचे सोंग घ्यायला सांगितले.

निरीक्षक आले. त्यांनी मोकळी खोली पाहून विचारले, सोफा कुठे? मी म्हणालो, कोणता सोफा? आयुष्यात मी पहिल्यांदा खोटे बोललो तेही सोफ्याबद्दल, याची मला लाज वाटते. तेवढ्यात आतून वडिलांचा आवाज आला की डावी बाजू अजून किंचित वर आहे. निरीक्षकांनी आत जाऊन चादर उचलली. अहवालात त्यांनी लिहिले : "मालमत्ता चादरीखाली लपवलेली आढळली. चादरीवर एक ज्येष्ठ नागरिकही ठेवलेले होते." टाचणी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिचे बरोबर होते.

८. दि. ६ ऑगस्टच्या आपल्या पत्रात दोन मुद्दे आहेत. मुद्दा पहिला : मूळ अर्ज कार्यालयात उपलब्ध नसल्याने अर्जदाराने अर्ज केला आहे असे मानता येत नाही. मुद्दा दुसरा : सदर अर्ज मालमत्ता लपवल्याने नामंजूर करण्यात येत आहे. जो अर्ज केलाच नाही तो नामंजूर कसा होतो, हे मी आठ दिवस विचार करून पाहिले. वडिलांच्या मते यात काहीतरी फायदा आपला असला पाहिजे. अजून सापडलेला नाही.

९. दि. २७ ऑगस्ट रोजी बंगल्याचा निरोप आला की रंग वाळला, सोफा आणा. मी टेम्पोत सोफा घातला, खिळ्यावरची पिशवी घेतली, टाचणीची छत्री तिच्या हातात दिली. मदतीला तीही आली. पत्ता अधिकाऱ्यांच्या वसाहतीतला होता. फाटकावरची पाटी मी वाचली नाही, सोफा उचलताना माणूस पाट्या वाचत नाही. टाचणीने वाचली. ती जागच्या जागी उभी राहिली आणि सोफ्याची तिची बाजू खाली गेली. मी ओरडलो. तिने नुसते बोट दाखवले. पाटीवर आपला हुद्दा होता.

महोदय, मग माझ्या लक्षात आले की ज्या सोफ्यामुळे मी आपल्या दप्तरी सधन ठरलो, तो सोफा आपला आहे.

आम्ही तो दिवाणखान्यात खिडकीपाशी ठेवला. आपण आतून आलात, डाव्या बाजूला बसलात, बैठक दाबून पाहिलीत, आणि दहा मिनिटांत आपल्याला झोप लागली. आपली-माझी पहिली भेट अशी झाली. वार मंगळवार, वेळ दुपारचे तीन. आपण रजेवर असाल. यातून मी कसलाही निष्कर्ष काढत नाही, निष्कर्ष काढणे हे निरीक्षकांचे काम आहे. उलट मला समाधान वाटले. नव्या बैठकीवर माणूस दहा मिनिटांत झोपला तर कारागीर पास झाला असे आम्ही मानतो.

बाईसाहेबांनी मजुरी ताबडतोब व पूर्ण दिली, ही गोष्ट आवर्जून नमूद करतो. मी रितीप्रमाणे पिशवी त्यांच्या हाती दिली. त्यांनी शिवण उसवून आत पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही रद्दी कशाला परत आणलीत? ह्यांची सवयच आहे, ऑफिसचे कागद घेऊन बसतात नि तिथंच डुलक्या काढतात. घेऊन जा हो तुम्हीच."

१०. गिऱ्हाइकाने दिलेली वस्तू आपली होते, आपली वस्तू वाचायला हरकत नाही. तेव्हा टेम्पोत बसल्यावर मी पिशवी पहिल्यांदा उघडली. वर कंगवा, चष्म्याची एक काडी, रिमोटचे झाकण. त्याखाली कागद. सगळ्यांत वरच्या कागदावर टाचणीचा फोटो होता, वेणी घातलेला, जो काढायला आम्ही दोन स्टुडिओ फिरलो होतो. आवक क्रमांक ११८७. रकाना नऊ, स्वच्छ अक्षरात.

म्हणजे मी जो कागद शोधत आपल्या जिन्याला खेटे घालत होतो, तो माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या डोक्यावर, तिच्या छत्रीखाली तीन महिने टांगलेला होता. पत्नीने तो स्वतःच्या हाताने पालथा काढून आत शिवला होता. मला हसू यावे की रडू ते कळेना. टाचणी हसली. मग मीही हसलो. मग तिला रडू आले, आणि टेम्पोवाला विचारू लागला की भाडे जास्त झाले का.

पण महोदय, पिशवीत तो एकच अर्ज नव्हता. एकूण अकरा होते. गेल्या चार वर्षांतले, अकरा मुलांचे, अकरा फोटोंसकट. काहींच्या कडांना चहाचा डाग आहे, बाकी सुस्थितीत आहेत.

११. काल मी या अर्जाला जोडायच्या प्रती काढायला जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्या मुलीकडे गेलो. ती एकेक कागद काचेवर ठेवत होती. सहा झाले, सात झाले. आठव्याला मशीनचे झाकण उघडे राहिले. मला वाटले कागद अडकला. ती त्या अर्जाकडे बघत होती. तो चार वर्षांपूर्वीचा होता, थप्पीतला सर्वांत जुना. फोटोतल्या मुलीचे केस लांब होते, म्हणून मी ओळखले नव्हते.

तिने तेव्हा पोच घेतली नव्हती. तिला सांगण्यात आले होते की तुझा अर्ज आलाच नाही. तिला शिक्षिका व्हायचे होते, अर्जात तसे लिहिले आहे. ती रागावली नाही. तिने प्रत काढली, मूळ अर्ज मला परत दिला आणि म्हणाली, "काका, याची एक जास्तीची काढू का? घरी दाखवते, की खरंच दिला होता." माझ्याकडून तिने प्रतींचे काही घेतले नाही. मला त्या क्षणी आपला फार राग आला, हे वाक्य टाचणीने खोडले होते.

१२. आता नाजूक बाब. हे पत्र धमकी म्हणून वाचले जाऊ नये. धमकी द्यायला लागणारे शिक्षण आमच्या घरात अजून कोणाचे झालेले नाही. मी चूक दाखवत आहे ती कारागीर म्हणून. आपल्या सोफ्याची पाठीची फळी सुटली होती, त्यामुळे बैठक आणि पाठ यांच्यात चार बोटांची फट पडली होती. आपल्याला डावीकडे झुकून बसायची सवय आहे, हे दबलेल्या स्प्रिंगवरून कळते. आपण शेजारी ठेवलेला कागद त्या फटीकडे घसरत जाई. आपण घरीही कार्यालयाचे काम करता, याबद्दल आदरच आहे. दोष फळीचा होता. मी ती फळी नव्याने जोडली आहे, काठ दुहेरी शिवला आहे, आता तिथे दाभणसुद्धा जाणार नाही. यापुढे आपल्या घरी कोणाचाही अर्ज हरवणार नाही, याची तीन वर्षांची हमी मी बिलावर लिहून दिली आहे.

१३. तरी विनंती अशी की,
(अ) मोरपंखी सोफा आमच्या नावावरून कमी करावा. तो आपल्या नावावर लावायचा की कसे, हे आपण ठरवावे.
(आ) माझे वडील मालमत्ता नसल्याची नोंद घ्यावी.
(इ) सोबतचे अकराही अर्ज आजच्या तारखेला आलेले न धरता, ज्या त्या तारखेला आलेले धरावेत व त्यांवर निर्णय द्यावा. ज्यांची वेळ निघून गेली आहे त्यांना निदान कळवावे की त्यांनी अर्ज केला होता.

अर्जांची थप्पी टाचणीने तारखेप्रमाणे लावली आहे. सर्वांत जुना वर, आणि आमचा, शेवटी आलेला म्हणून, सर्वांत खाली. मी बाप आहे, लपवत नाही : सकाळपासून मी तीन वेळा आमचा अर्ज वर काढून ठेवला, आणि तीन वेळा तिने तो परत खाली ठेवला. मी म्हटले, अगं, परवा शेवटची तारीख आहे. ती म्हणाली, "बाबा, रांग म्हणजे रांग." मी आता तो पुन्हा काढणार नाही.

तेव्हा आपण वरूनच सुरुवात करावी. फक्त हात जोडून विनंती आहे की, जरा भराभर वाचावे.

आपला नम्र,
आपल्या सोफ्याचा कारागीर व टाचणीचा बाप
(सही)
दि. २९ ऑगस्ट

सोबत :
१) अकरा मूळ अर्ज, सुतळीने बांधलेले. गाठ एका बाजूने ओढली की सुटते.
२) आवक क्र. ११८७ ची पोच.
३) सोफा दुरुस्तीच्या बिलाची प्रत, बाईसाहेबांच्या सहीची : "सोफा आमचा, व्यवस्थित मिळाला."
४) कंगवा, चष्म्याची काडी, रिमोटचे झाकण. ही रद्दी नसल्याने परत करीत आहे.
५) अकराही अर्जांच्या प्रती. आठव्या कागदाच्या दोन काढल्या होत्या, त्यांतली एक ज्याची त्याला दिली.